तीन किलोंचं खोटं

मित्रांनो, माझी गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला फसवल्यासारखं वाटायला नको. मी घरगुती वजनकाटा आहे. वयाने म्हातारा, अंगाने चपटा, पाठीवर काळं रबर आणि काचेखाली गोल तबकडी. वजनकाट्याकडून कोणी रूप मागत नाही की गोड गळा मागत नाही. त्याने खरं बोलावं, एवढीच अपेक्षा असते. ती एक अपेक्षासुद्धा मला पुरी करता आली नाही. चार वर्षं मी रोज सकाळी खोटं बोललो. खोटं फक्त तीन किलोंचं होतं, पण त्याने एका मुक्या जिवाला मरणाच्या दारापर्यंत नेलं.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. ज्या कारखान्यात माझ्या स्प्रिंगा बसवल्या, तिथे शेवटच्या टेबलाशी जाड चष्म्याचा एक तपासनीस बसायचा. आमच्या पाठीवर तो वीस, चाळीस, साठ किलोंची लोखंडी वजनं ठेवायचा आणि नाक तबकडीला टेकेल इतकं वाकून सुई पाहायचा. "शून्यावर नीट उभा राहा, पुढचं आपोआप येतं," असं आम्हा प्रत्येकाला पुटपुटत सांगायचा. माझ्या पुढच्या कडेखाली एक छोटं दातेरी चाक आहे. धक्क्याने सुई शून्यावरून हलली, तर हे चाक जरासं फिरवून ती जागेवर आणायची असते. त्याने चाक फिरवलं, सुई शून्यावर आणली आणि मला खोक्यात घातलं. त्या दिवशी मी अगदी धुतल्या तांदळासारखा होतो.

मग दोन वर्षं दुकानाच्या दर्शनी फळीवर गेली. लोक फुकटात चढायचे, सुई बघून तोंड वाकडं करायचे आणि "हा काटा बरोबर दिसत नाही" म्हणत निघून जायचे. खरं बोलणाऱ्याला कोणी घरी नेत नाही, हे मला तिथेच कळलं होतं. तरी एका सकाळी एक बाई आली. गळ्यात मोजपट्टी, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच राहिलेलं. तिचे गुडघे दुखत होते आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. तिने मला काखोटीला मारलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नेलं. तिला सगळे ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, दारामागे उभा आरसा, आणि आरशाशेजारी मी. तिच्या हाताला यश होतं, पण जिभेला धार होती. गिऱ्हाइकाने "कंबर तीस धरा" म्हटलं की ताई मोजपट्टी लावायची आणि निर्विकार चेहऱ्याने चौतीस लिहायची. "सांगितलेल्या मापावर मी कात्री चालवत नाही," हा तिचा नियम होता. "माप पट्टीचं. तोंडचं माप तोंडापाशी ठेवा." बायका आधी फुगायच्या, आणि अंगात चपखल बसलेला कपडा घालून आरशापुढे गिरक्या घ्यायच्या.

तिच्याबरोबर तिची धाकटी बहीण राहायची. ती बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर काचेच्या भोकातून ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता, की घरात ती मीठ मागायची तेव्हा तळमजल्यावरच्यांना कळायचं की वरती मीठ संपलं. मनाने निर्मळ बाई, पण पोटात काही राहायचं नाही. आणि तिसरी होती दुलई. दुलई म्हणजे पांढऱ्या-राखाडी लांब केसांची मांजर, इतकी केसाळ की बसली की पाय दिसायचे नाहीत. घरच्या दोघीही लग्नाच्या फंदात पडल्या नव्हत्या. दिवसभरातलं लाड करणं, रागावणं, समजूत घालणं, सगळं दुलईच्या वाट्याला यायचं.

पहिल्या सकाळी ताई माझ्यावर चढली. मी साठ सांगितलं. दुसऱ्या दिवशी साठ. ती जिन्याने चढउतार करू लागली, चहातली साखर सोडली, आणि महिनाभराने चढली तेव्हा मी एकसष्ट सांगितलं. काय करणार, एकसष्टच होतं! तेवढ्यात मागून धाकटी आली, वाकून बघितलं, आणि डेपोच्या आवाजात म्हणाली, "अगं बाई! साखर सोडून किलोभर वाढलीस?" त्या क्षणी बेतायच्या टेबलापाशी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्या हसल्या. ताईही हसली, पण तिचे कान लाल झालेले मी खालून पाहिले.

त्या दुपारी घरात कोणी नसताना तिने मला उलटं केलं. चाक सापडलं. तिने ते एक रेघ, म्हणजे एक किलो, फिरवलं, चढून बघितलं, उतरली, आणखी एक रेघ फिरवलं. पुढच्या काही दिवसांत तिसरी. आता सुई मोकळी असताना शून्याच्या अलीकडे तीन रेघांवर बसायची आणि ताई चढली की अठ्ठावन्न दाखवायची. रिकाम्या काट्याची लबाडी कोणाला दिसू नये म्हणून तिने माझ्यासाठी नाडी ओढायचा सुंदर अभ्रा शिवला. येणाऱ्या बायका म्हणायच्या, "काट्याचीसुद्धा किती निगा राखता हो!"

आता माझं पाप सांगतो. मित्रांनो, मला ते आवडायला लागलं. दुकानात ज्याच्यावर तोंडं वाकडी व्हायची, त्याच्याकडे बघून रोज सकाळी कोणीतरी हसायचं. ताई उतरताना पायाच्या अंगठ्याने मला हलकेच थोपटायची. मी मनाशी म्हणायचो, एका बाईला सकाळी जरा बरं वाटतंय, यात कोणाचं काय जातंय? स्प्रिंग तर माझीच होती. कुरकुर करता आली असती, अडकून बसता आलं असतं. मी काहीच केलं नाही. आणि ताईचंही मजेशीर झालं. पहिल्या वर्षी तिला ठाऊक होतं की आपण चाक फिरवलंय. दुसऱ्या वर्षी ते तिने आठवायचं टाळलं. चौथ्या वर्षापर्यंत कोणी विचारलं की "अठ्ठावन्न" हा आकडा तिच्या तोंडून नावगावासारखा सहज यायचा.

चौथ्या वर्षी घरात पिसवा झाल्या. आधी धाकटीच्या घोट्यांवर लाल पुरळ उठलं. मग एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर ताईला काळी बारीक कणी दिसली. दुलई तिथे लोळून गेली होती. ताईने ओलं बोट लावलं तर कणी विरघळून लालसर डाग पडला. "ही माती नाही गं, छोटे," ती धाकटीला म्हणाली. "हे रक्त आहे. पिसवांची घाण." दोन दिवसांनी दुलईच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी चिकटलेलं सापडलं, आणि ते हललं. म्हणजे पोटात जंतही होते. दुलईचं पोट मात्र टम्म दिसायचं. सगळ्यांना वाटायचं, खाऊन पिऊन लठ्ठ झालीय.

मग औषधाची शोधाशोध सुरू झाली. नाक्यावरच्या प्राण्यांच्या खाजगी डॉक्टरांकडे जायला ताई तयार नव्हती, कारण ते मांजराला हात लावण्याआधीच खिशाला हात घालायचे. दुकानात रंगीत खोकी होती, एकावर निळ्या डोळ्यांची मांजर, दुसऱ्यावर सोनेरी गळपट्टा, आणि किंमत अशी की ताई खोकं पुन्हा जागेवर ठेवताना जपून ठेवायची, न जाणो हातातून पडलं तर घ्यावं लागेल. एका गिऱ्हाइकाने आपल्या कुत्र्यासाठी आणलेले पिसवांवरचे थेंब देऊ केले. "अर्धे उरलेत, घाला हिला." तिथे धाकटीने शहाणपणा केला. खोक्यामागची बारीक अक्षरं तिने खिडकीशी नेऊन वाचली आणि गर्जना केली, "मांजरांना चालत नाही म्हणून लिहिलंय! घेऊन जा तुमचे!"

शेवटी दोघींनी ठरवलं, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जायचं. तिथे औषध मोठ्या बाटलीतून, वजनाप्रमाणे मोजून देतात, आणि अगदी स्वस्तात. निर्णय चुकीचा नव्हता, हे मी आजही सांगेन. त्यांनी पदर खोचून सगळी चौकशी केली होती. कुत्र्याचं औषध टाळलं, जत्रेत विकतात तसली पावडर टाळली, माणसाच्या गोळ्या टाळल्या. सगळीकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं आणि एकाच जागी डोळे मिटून घेतले.

त्या गुरुवारी दोघी दुलईला पिशवीत घालून गेल्या आणि दुपारी परतल्या. तिथे काय झालं ते मला धाकटीच्या तोंडून कळलं, कारण चपला काढता काढता तिने सगळा प्रसंग करून दाखवला. दवाखान्यात गर्दी होती. दुलई एकटी काट्यावर बसायला तयार होईना, चावायला धावली. तेव्हा कंपाउंडर म्हणाला, "बाई, तुम्हीच तिला घेऊन चढा. मग एकट्या चढा. वजाबाकी करू." ताई मांजर घेऊन चढली. भिंतीवर सगळ्यांना दिसतील असे आकडे उजळले: चौसष्ट.

"आता मांजर खाली ठेवून एकट्या चढा."

"कशाला? मला माझं वजन माहीत नाही होय? रोज सकाळी करते मी. अठ्ठावन्न."

"बाई, एकदा चढलात तर बरं..."

"अहो, मागे रांग बघा किती आहे! अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न."

मागची रांगही ओरडली, की लवकर आटपा. ताईने दुलईला पुन्हा पिशवीत घातलं, तेव्हा कंपाउंडरने आत डोकावून पाहिलं. फुगलेले केस, टम्म पोट. त्याने मान डोलावली आणि चिठ्ठीवर लिहिलं: मांजर, सहा किलो. "जंतांचं औषध किलोला एक रेघ," तो सिरिंज दाखवत म्हणाला. "सहा रेघा. औषध स्वस्त आहे पण कडक आहे. एक रेघही वर जाऊ देऊ नका."

धाकटी हे हसत हसत सांगत होती. "आमची दुलई सहा किलोंची! बघ बाई, तुझ्या दहापट डौलात वाढतेय." आणि अभ्र्याच्या आत मीही वजाबाकी करत होतो. चौसष्टमधून अठ्ठावन्न गेले की सहा उरतात, हे बरोबर. पण ताई अठ्ठावन्नची नव्हतीच. ती एकसष्टची होती. चौसष्टमधून एकसष्ट गेले तर उरतात तीन. केस आणि जंतांनी फुगलेलं पोट सोडलं, तर दुलई म्हणजे मूठभर मांजर होती. तीन किलोंची. आणि तिच्यासाठी सहा रेघा भरल्या जात होत्या.

खोलीत खरं ठाऊक असलेले आम्ही दोघंच होतो, मी आणि ताई. अभ्र्याच्या फटीतून मी ताईकडे पाहत राहिलो. सिरिंज भरताना तिचा हात क्षणभर थांबला. अजूनही मला तो क्षण दिसतो. तिच्या भुवया जवळ आल्या, नजर आरशाकडे, मग आरशाशेजारी माझ्याकडे गेली. मला वाटलं, आता आठवलं हिला! पण धाकटी म्हणाली, "ताई, भर ना लवकर, ही निसटतेय," आणि ताईने सहाव्या रेघेपर्यंत दट्ट्या ओढला. गिऱ्हाइकांच्या मापावर जिने आयुष्यात कात्री चालवली नाही, तिने स्वतःच्या सांगितलेल्या मापावर औषध दिलं. आणि ते माप तिला मी दिलं होतं.

मित्रांनो, लोखंडाला बोलता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ही सबब मला पुरत नाही. चार वर्षांत एकदा जरी मी हट्टाने अडकलो असतो, तरी ताईने मला बदललं असतं आणि खरा आकडा तिला कळला असता. मला थोपटून घ्यायचं होतं. म्हणून मी गप्प बसलो, आणि मग जेव्हा ओरडायची वेळ आली, तेव्हा गप्प बसण्यावाचून काही येत नव्हतं.

तासाभराने दुलई टेबलाखालून बाहेर आली ती झोकांड्या खात. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि मागचे पाय तिचे नसल्यासारखे फरपटत होते. तिने ताईच्या पायाशी येऊन ओकारी केली आणि तिथेच कुशीवर पडली. अंगभर बारीक थरथर सुटली. धाकटीने दवाखान्यात फोन लावला. दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता, पण डॉक्टरीणबाई भेटल्या. धाकटीने फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला.

"किती औषध दिलंत?"

"सहा रेघा, डॉक्टर. चिठ्ठीत आहे तसंच."

"मांजराचं वजन?"

"सहा किलो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मग डोस बरोबर आहे. ह्या औषधाने असं व्हायला नको. काहीतरी दुसरं पोटात गेलंय. उंदरांचं औषध ठेवलंय का घरात? फरशी पुसायचं? बघा शोधून. मला त्याप्रमाणे उपचार ठरवावे लागतील. चुकीचा उपचार केला तर ती हातची जाईल."

धाकटी मोरीकडे धावली, बाटल्यांची झाकणं बघू लागली. ताई दुलईजवळ गुडघ्यांवर बसली होती. तिने दुलईला उचललं, आणि उचलताच तिचे हात थांबले. रोज हजार वेळा उचललेलं मांजर. पण आता तिने ते मापासाठी उचललं होतं. तिने सावकाश माझा अभ्रा ओढून काढला आणि दुलईला छातीशी धरून माझ्यावर चढली. माझ्या लबाड सुईने दाखवलं: एकसष्ट.

धाकटी बाटली हातात घेऊन परत आली, वाकून आकडा पाहिला आणि गोंधळली. "एकसष्ट? तू अठ्ठावन्न, म्हणजे ही... तीन? पण तिथे तर सहा भरली! ताई, हा डबा बिघडलाय. सरकारी काटा खोटा कसा असेल? डॉक्टर, घरचा काटा तीन दाखवतोय, पण तो जुनाट आहे, त्याच्यावर जाऊ नका."

"थांबा, थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन की सहा? तीन असेल तर औषध दुप्पट गेलंय, आणि मग विष शोधत बसायची गरजच नाही, मला काय करायचं ते माहीत आहे. पण सहा असेल तर ते उपचार तिला सोसणार नाहीत. कुठला काटा खरा आहे, ते मला नक्की सांगा."

ताईला त्या क्षणी सुटायला वाट होती, मित्रांनो. "तो सरकारी काटा बिघडला असेल" एवढं म्हटलं असतं तरी मांजर वाचलं असतं आणि तिचा आकडाही झाकलेला राहिला असता. पण डॉक्टरीणबाई त्यावर विश्वास ठेवतील की नाही, याची खात्री नव्हती, आणि दुलईची मान ताईच्या मनगटावरून लोंबत होती.

"दोन्ही काटे बरोबर आहेत, डॉक्टर," ताई म्हणाली. "खोटी मी आहे. मी अठ्ठावन्न नाही. एकसष्ट आहे. घरच्या काट्याचं चाक मीच फिरवलंय, चार वर्षांपूर्वी. तिथे रांगेत सगळ्यांसमोर चढायची लाज वाटली. मांजर तीन किलोंची आहे. दुप्पट औषध मी माझ्या हाताने दिलंय."

जिच्या आवाजाने खालच्या मजल्यावर मीठ संपल्याचं कळायचं, ती धाकटी बाटली हातात धरून नुसती उभी राहिली. "ताई," एवढंच ती म्हणाली, आणि तेही इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं. पलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज मात्र एकदम कामाचा झाला. "बरं झालं सांगितलंत. तोंडाने पाणी, दूध काहीही देऊ नका. टॉवेलात गुंडाळा आणि निघा. मी दवाखाना उघडा ठेवते."

दार आपटलं, जिन्यात पावलं उतरत गेली. मी आरशाशेजारी उघडा पडून होतो, सुई शून्याच्या अलीकडे तीन रेघा. समोरच्या आरशात मला माझी तबकडी दिसत होती. चार वर्षांत पहिल्यांदाच मी अभ्र्याशिवाय स्वतःला इतका वेळ पाहिलं. ताई म्हणाली होती, दोन्ही काटे बरोबर आहेत. तिने मला वाचवलं होतं. पण मी बरोबर नव्हतो. तिचा गुन्हा तिने एका दमात कबूल केला, आणि माझाही त्यातच स्वतःवर घेतला. हे मला आजही बोचतं.

दुलई तीन दिवस दवाखान्यात राहिली, पायाला सलाईनची सुई लावलेली. ताई सकाळ-संध्याकाळ जाऊन बसायची. त्या तीन दिवसांत मशीनचा आवाज ऐकू आला नाही. एक गिऱ्हाईक कपडे मागायला आलं तेव्हा ताई दारातूनच म्हणाली, "झाले नाहीत. माझ्याकडून राहिलंय." नेहमीची धार गेली होती. धाकटीने एकदाही टोमणा मारला नाही. तिच्यासारखीने गप्प राहावं, याची ताईला जास्त शिक्षा होत असावी, कारण दुसऱ्या दिवशी तीच वैतागून म्हणाली, "बोल की काहीतरी! शिव्या तरी दे!" धाकटीने भाजी परतता परतता विचारलं, "त्या दिवशी मी ओरडले नसते, गिऱ्हाइकांपुढे, तर फिरवलं असतंस का चाक?" मग दोघीही रडल्या आणि भाजी करपली.

चौथ्या दिवशी दुलई घरी आली, अर्ध्या वजनाची वाटावी इतकी सुकलेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं धाकटीने पुन्हा आपल्या मूळ आवाजात मला, मशीनला आणि समोरच्या इमारतीला ऐकवलं. औषधात खोट नव्हती. स्वस्त औषध वाईट नसतं, ते चुकीच्या वजनाला दिलं की वाईट. पिसवा चाटताना पोटात जातात आणि त्यांच्यातून जंत होतात, म्हणून नुसते जंत मारून उपयोग नाही, दोन्हींचा बंदोबस्त एकदमच करायचा. बारीक दातांची फणी घ्यायची, रोज विंचरायचं आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. तिचं अंथरूण कढत पाण्यात धुवायचं, टेबलाखालचे कानेकोपरे झाडायचे. ह्यातलं निम्मं काम फुकटात होण्यासारखं होतं. दोघींनी ते आधी कोणाला विचारलंच नव्हतं, कारण फुकटातही काही असतं, हे कोणत्या खोक्यावर लिहिलेलं नव्हतं.

मग माझा विषय निघाला. "हा डबा आधी भंगारात दे," धाकटी म्हणाली. मी मनाची तयारी केली. खरं सांगतो, मला ते न्यायाचंच वाटलं. पण ताईने मला उलटं केलं, चाक पकडलं आणि एक, दोन, तीन रेघा मागे घेतल्या. "त्याने काय केलं?" ती म्हणाली. "जसं फिरवलं तसा फिरला बिचारा." मित्रांनो, बिचारा हा शब्द मला त्या तपासनीसाच्या वजनांपेक्षा जड गेला. मी बिचारा नव्हतो.

पंधरा दिवसांनी पुढचा डोस होता. दोघी पुन्हा दवाखान्यात गेल्या. रांग तेवढीच होती. धाकटीने घरी येऊन सांगितलं, ते अगदी हळू आवाजात सांगितलं, म्हणून मला ते नीट आठवतं. ताई मांजर घेऊन चढली, उतरली, मांजर धाकटीकडे दिलं आणि कोणी न सांगता एकटी चढली. भिंतीवर आकडा उजळला. मागच्या बाकावर कोणीतरी कोणाला तरी कोपर मारलं आणि खुसखुस झाली. ताईचे कान लाल झाले. तरी कंपाउंडरने चिठ्ठीवर लिहून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

दुलई बरी झाली. केसांना पुन्हा चमक आली. त्यानंतरच्या एका दुपारी ताई शिवत होती आणि दुलई येऊन तिच्या मांडीत बसली, गुरगुरत, ताईच्या हाताला डोकं घासत. हाच हात होता तो, सिरिंज धरलेला. धाकटी म्हणाली, "बघ, तिने माफसुद्धा केलं तुला."

ताईने मशीन थांबवलं. "माफ नाही केलं गं," ती म्हणाली. "तिला माहीतच नाही. माफ करायला चूक माहीत असावी लागते. तिला वाटतंय ती आजारी पडली आणि मी तिला बरं केलं." तिने दुलईच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग बराच वेळ ती रडत राहिली. दुलई गुरगुरतच होती.

ते वाक्य मी विसरू शकत नाही. जे बोलू शकतात त्यांच्या बाबतीत चूक केली, तर ते भांडतात, रुसतात, आणि मग एखाद्या दिवशी माफही करतात. मुक्या जिवाकडून ती सुटका नाही. तो तुमच्यावर आधीइतकाच विश्वास ठेवतो, आणि तेच सोसायला सगळ्यात कठीण जातं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. तुमच्या घरात मांजर असेल तर तिच्या औषधाला महागाचा आग्रह नको. विचारा, चौकशी करा, स्वस्तातलं चांगलं शोधा. पण वजन अंदाजाने सांगू नका आणि पाठ असलेलं तर मुळीच सांगू नका. तिला घेऊन चढा, मग एकटे चढा, आणि दोन्ही आकडे मोठ्याने वाचा. मागे रांगेत कोणी हसेल कदाचित. हसू द्या त्यांना. हसण्याने कोणाचा जीव जात नाही.